पेनीच्या वजनाचं शहर

फिलाडेल्फिया म्हटलं की आपल्याला दोन गोष्टी आठवतात. एक ते चीज, दुसरा टॉम हँक्सचा सिनेमा. जरा जास्त फिरलेली मंडळी ‘रॉकी’च्या पायऱ्या सांगतात आणि इतिहासप्रेमी लिबर्टी बेलचं नाव घेतात. माझ्या लिस्टमध्ये मात्र एकच गोष्ट होती, फिफ्थ स्ट्रीट आणि आर्च स्ट्रीटचा चौक. एका कोपऱ्यावर अमेरिकेची टाकसाळ, रस्ता ओलांडला की एक जुनी दफनभूमी. आणि माझ्या पर्समध्ये लिपस्टिकच्या शेजारी एक डिजिटल वजनकाटा, सोनाराकडे असतो तसा, ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा.

वजनकाट्याची भानगड आधी सांगते.

२०२५ च्या डिसेंबरात मी न्यू जर्सीत, एडिसनला मावसबहिणीकडे होते. एडिसनबद्दल काय सांगायचं? ओक ट्री रोडवर उभं राहिलं की आपण अमेरिकेत आहोत हे फक्त थंडीमुळे कळतं. ताई आणि जिजू सोळा वर्षांचा संसार आवरून कायमचे पुण्याला निघाले होते. जानेवारीची तिकिटं हातात, घरभर खोकी. आणि या सगळ्या पसाऱ्यात, लोणचं घालावं एवढी मोठी एक काचेची बरणी. आत पेनी, म्हणजे एका सेंटची नाणी. जिजू रोज संध्याकाळी खिसा रिकामा करायचे तो त्या बरणीत. आता त्यांचं म्हणणं असं, की ही बरणी सुपरमार्केटमधल्या नाणी मोजायच्या मशीनमध्ये ओतून टाकू, मशीन आपलं कमिशन कापून उरलेले पैसे देतं, विषय संपला.

भाचा म्हणाला, नाही.

भाचा दहा वर्षांचा. जन्म तिकडचाच. पुण्याला जायचं की नाही हे त्याला कुणी विचारलेलं नव्हतं. त्यामुळे त्याचा होता नव्हता तो सगळा विरोध त्या बरणीवर एकवटला होता. त्यातून १२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पाडली गेली. १७९३ पासून चालत आलेलं नाणं बंद! कारण साधं आहे, २०२४ च्या आर्थिक वर्षात एक सेंटचं नाणं पाडायला सरकारला ३.६९ सेंट खर्च येत होता. जुन्या पेनी बाद झालेल्या नाहीत, दुकानात चालतात. पण नवी येणार नाही म्हटल्यावर भाच्याच्या दृष्टीने त्या बरणीची किंमत एका रात्रीत वाढली. आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

कारण पेनीत एक गंमत आहे. १९८२ सालापर्यंतची पेनी म्हणजे ९५ टक्के तांबं. वजन ३.११ ग्रॅम. तांबं महागलं म्हणून १९८२ च्या मध्यात तिचं पोट जस्ताचं झालं आणि वर तांब्याचा पातळ मुलामा आला. वजन अडीच ग्रॅम. रुंदी तीच, चेहरा तोच, लिंकन तोच, रंगही तोच. बदललं ते फक्त वजन, साधारण सहा दशांश ग्रॅमने. मी मास कॉमवाली, केमिस्ट्रीशी दहावीनंतर संबंध नाही, पण एवढं मलाही कळतं की तांबं जड आणि जस्त हलकं. तेवढ्याच आकारात जड धातू भरला की काटा जास्त दाखवणार.

आता टाकसाळ म्हणजे तरी काय, शेवटी कारखानाच. धातू बदलताना जुन्या कोऱ्या चकत्या मशीनच्या कुठल्या तरी खाचेत अडकून राहतात आणि नव्या वर्षाचा ठसा जुन्या धातूवर पडतो. उलटंही होतं. अशी पेनी टाकसाळीतून सुटते, बँकेत जाते, कुणाच्या तरी सुट्ट्यांमधून कुणाच्या तरी खिशात पडते. दिसायला अगदी साधी. ओळखायची कशी? वजन करून.

१९८३ ची तांब्याची पेनी ही अशी चुकून झालेली. १९८२ चं प्रकरण जास्त मजेदार आहे. त्या वर्षी ठशातल्या सालाचे दोन प्रकार होते, मोठे आकडे आणि छोटे आकडे. टाकसाळी मुख्यतः दोन, फिलाडेल्फिया आणि डेन्व्हर. डेन्व्हरच्या नाण्यावर सालाखाली बारीक ‘डी’ असतो. धातू दोन. म्हणजे गणिताने आठ प्रकार व्हायला हवेत, पण अधिकृतपणे निघाले सातच. डेन्व्हरची, छोट्या आकड्यांची, तांब्याची पेनी पाडलीच गेली नव्हती. आणि मग २०१६ मध्ये ती सापडली. काट्याने तीन ग्रॅमच्या वर आकडा दाखवला म्हणून सापडली, नाहीतर चौतीस वर्षं ती इतर पेनींसारखीच पेनी होती.

हे ऐकल्यावर भाच्याने बरणी हॉलच्या गालिच्यावर उपडी केली. ताईने फक्त माझ्याकडे पाहिलं. पॅकिंगच्या दिवसांत असं पाहणं म्हणजे काय असतं ते तुम्ही समजून घ्या.

दोन संध्याकाळी आम्ही तिघं, हो, तोपर्यंत जिजूही मांडी घालून बसले होते, सालवार ढीग लावत होतो. एकूण २,६१४ पेनी. आधी काटा खरा आहे का ते तपासलं. त्याची सोपी युक्ती अशी, की अमेरिकेचं पाच सेंटचं नाणं बरोबर पाच ग्रॅमचं असतं. चकचकीत नवं नाणं ठेवलं, ५.०० आलं, चला. त्या पाच सेंटच्या नाण्याला निकेल म्हणतात आणि त्यात निकेल फक्त पाव भाग असतं, बाकी सगळं तांबं, पण ते जाऊ द्या.

सगळ्या पेनींचं वजन करायची गरज नसते. १९८१ पर्यंतच्या सगळ्या तांब्याच्याच, त्या बाजूला. १९८४ नंतरच्या जस्ताच्या, त्यांचा नंबर शेवटी, वेळ उरला तर. मोजायच्या त्या १९८२ आणि १९८३ च्या. थोडी सूट धरायची असते. तांब्याची झिजलेली पेनी ३.०५ दाखवते, जस्ताची २.४५ ते २.६० यामध्ये कुठेही. दोन्हींच्या मध्ये एवढी मोकळी जागा आहे की गोंधळ होत नाही. आणि काटा नसला तर कान आहेत. टेबलावर टाकली की तांब्याची पेनी किणकिणते, जस्ताची ठप्प करून बसते. आपली आजी नाही का रुपया दगडावर वाजवून घ्यायची! ‘खणखणीत नाणं’ हा शब्द काही उगाच आलेला नाही. आणि आजीच्या काळात चांदीचा रुपया म्हणजेच एक तोळा होता, ११.६६ ग्रॅम. सोनाराकडे वजन संपलं तर पारड्यात रुपया टाकायचे. ‘रुपयाभार’ म्हणजे तेच. नाण्याचं वजन करणं आपल्याला नवं नाही, आपण तर नाण्यानेच वजन करत होतो.

१९८३ च्या एकोणतीस निघाल्या. सगळ्या अडीचच्या आसपास. भाचा प्रत्येक आकडा वहीत लिहीत होता, आणि एकोणतिसावा लिहिताना पेन्सिल जरा जोरात टेकली. मग १९८२ च्या सदतीस. त्यांतल्या सोळा तांब्याच्या. त्यांतल्या सात डेन्व्हरच्या. म्हणजे सात वेळा आमचा श्वास अडकला. जिजूंनी खोक्यातून भिंग शोधून काढलं, तेही कुठल्या खोक्यात आहे ते ताईलाच माहीत होतं. छोट्या आकड्यांत दोनाचा अंक वळणदार असतो, मोठ्यात मान सरळ. सातपैकी सातही सरळ मानेच्या. मोठे आकडे. म्हणजे तांब्याच्या, सुंदर, आणि एका सेंटच्या.

“सो नथिंग,” भाचा म्हणाला.

एक गोष्ट मिळाली मात्र. पेनींच्या ढिगात दहा सेंटची काही नाणी घुसली होती, त्यांतलं एक २.४९ आलं. आजचं डाइम २.२७ ग्रॅमचं असतं. साल बघितलं, १९६४. म्हणजे ९० टक्के चांदीचं शेवटचं. १९६५ च्या कायद्याने डाइम आणि क्वार्टरमधली चांदी काढली. ही काही टाकसाळीची चूक नव्हे, तेव्हाचं सरळ नाणं आहे. पण १९६५ चं साल आणि अडीच ग्रॅम वजन असं जोडीने आलं, तर मात्र जागेवरून उठायचं.

त्या रात्री मी त्याला डॉन लुट्सची गोष्ट सांगितली. ती सांगण्यासाठी मागे, १९४३ मध्ये जावं लागतं. महायुद्ध चालू, तांबं दारूगोळ्याला हवं, म्हणून त्या एका वर्षी पेनी जस्त चढवलेल्या पोलादाची केली. पांढरट, २.७ ग्रॅमची. लोकांना ती डाइमच वाटायची, आणि गंजायचीही. पण १९४२ च्या तांब्याच्या काही चकत्या डब्यांच्या फटींत राहिल्या होत्या असं मानतात. त्यांच्यावर १९४३ चा ठसा पडला आणि त्या बाहेर गेल्या. पुढच्याच वर्षी उलटं झालं, १९४४ च्या काही पेनी उरलेल्या पोलादावर उठल्या.

लुट्स १६ वर्षांचा होता. मॅसॅच्युसेट्समधलं पिट्सफील्ड गाव, १९४७ साल. शाळेच्या कॅन्टीनमध्ये दूध-बिध घेऊन सुटे परत आले, त्यात १९४३ ची तांबूस पेनी. तेव्हा अफवा होती की असं नाणं आणून देईल त्याला हेन्री फोर्ड नवी गाडी देणार. त्याने चौकशी केली, फोर्ड कंपनीने ते खोटं असल्याचं कळवलं. मग सरकारी खजिन्याला पत्र लिहिलं. उत्तर आलं, १९४३ मध्ये तांब्याच्या पेनी पाडल्याच नाहीत, सगळ्या पोलादाच्या होत्या. म्हणजे हातात नाणं आहे, आणि ज्यांनी ते पाडलं तेच सांगतायत की ते अस्तित्वात नाही! पोराने काय केलं? ठेवून दिलं. सत्तर वर्षं. २०१८ मध्ये तो गेला, जानेवारी २०१९ मध्ये नाण्याचा लिलाव झाला, दोन लाख चार हजार डॉलरला. पैसे त्याच्या गावच्या लायब्ररीला मिळाले. डेन्व्हरचं अशा प्रकारचं एकमेव माहीत असलेलं नाणं तर २०१० मध्ये १७ लाख डॉलरला गेलं होतं.

अर्थात एवढा पैसा म्हटल्यावर खोट्या नाण्यांचा सुळसुळाट आलाच. पोलादाच्या १९४३ च्या पेनीवर तांब्याचं पाणी चढवायचं, ही एक आयडिया. ही लोहचुंबकाला लगेच चिकटते आणि वजनाला २.७ च्या आसपास भरते. दुसरी आयडिया जास्त बेरकी. १९४८ ची अस्सल तांब्याची पेनी घ्यायची आणि आठाची डावी बाजू कानशीने घासून तीन करायचा. इथे चुंबक गप्प, काटाही ३.११. मग भिंग. म्हणजे वजन हा पहिला प्रश्न आहे, शेवटचा नाही.

सोमवारी आम्ही दोघं निघालो. मेट्रोपार्क स्टेशनवरून ट्रेंटनपर्यंत एक गाडी, तिथून फिलाडेल्फियाची दुसरी. जेफरसन स्टेशनला उतरून चालत गेलं की वाटेत रीडिंग टर्मिनल मार्केट लागतं. तिथे पोटोबा आटोपून घ्यावा, कारण पुढे जुन्या शहरात विटांच्या भिंती, पाट्या आणि शाळेच्या सहलीच जास्त. वारा असा, की नाक आहे की नाही ते चाचपून बघावं लागत होतं.

१७९२ मध्ये इथे अमेरिकेची पहिली टाकसाळ सुरू झाली. आत्ताची इमारत चौथी, १९६९ ची, अगडबंब आणि बाहेरून अगदीच सरकारी. आत गेल्यावर मात्र टिफनीची काचेची मोझाइक चित्रं भिंतीवर, आणि एक पेंढा भरलेला गरुड. त्याचं नाव पीटर. पहिल्या टाकसाळीत तो मोकळा फिरायचा. एक दिवस प्रेसच्या चाकावर बसला, चाक फिरलं, पंख मोडला, त्यातच गेला. भाच्याला सगळ्यात जास्त हाच आवडला. दोनदा परत जाऊन बघितला.

कारखाना उंचावरच्या काचांमधून बघायचा. खाली पत्र्याची वेटोळी, भट्ट्या, प्रेस, नाण्यांचा चमचमता ओघ. माणसं अगदी थोडी. चकत्यांना चाळणीतून काढतात, वेडीवाकडी, कमीजास्त आकाराची चकती तिथेच गळते. मी काचेला नाक लावून उभी होते आणि डोक्यात एकच विचार. चाळणीला आकार कळतो, धातू कळत नाही. पेनीच्या आकाराची, पण दुसऱ्याच धातूची चकती या चाळणीतून ऐटीत पास होणार. लुट्सच्या पेनीवर टाकसाळीचं अक्षर नाही, म्हणजे ती फिलाडेल्फियाची. अर्थात इमारत तेव्हाची वेगळी.

आणखी एक गोष्ट तिथे जाण्याआधीच मला माहीत होती, पण बघताना जास्त जाणवली. जस्ताच्या पेनीच्या चकत्या इथे बनतच नव्हत्या. त्या टेनेसीहून तयार यायच्या, तांबं चढवून, आणि इथे फक्त ठसा बसायचा. म्हणजे गेल्या चाळीसेक वर्षांत पेनीत फिलाडेल्फियाचं काय होतं, तर लिंकनचं नाक आणि साल.

“हे मशीन पेनीचं होतं का?” भाच्याने विचारलं. प्रेस सगळे सारखेच दिसत होते. कुठे रिकामी जागा नव्हती, पाटी नव्हती. क्वार्टर पडत होती.

रस्ता ओलांडला की ख्राइस्ट चर्चची दफनभूमी. विटांच्या भिंतीला एका जागी लोखंडी गज आहेत, आणि त्यांच्या आत लगेचच बेंजामिन फ्रँकलिनची सपाट शिळा. बायको डेबोरा शेजारीच. काटकसरीच्या वचनांसाठी हा माणूस प्रसिद्ध, म्हणून लोक त्याच्या थडग्यावर पेनी टाकतात. टाकसाळीतून निघालेलं नाणं रस्ता ओलांडून इथे पडतं, यापेक्षा छोटा प्रवास काय असणार! पण दगड संगमरवरी आहे. वर्षानुवर्षं नाणी आदळून त्याला खळगे पडले, भेगही गेली. २०१७ मध्ये वर्गणी काढून दुरुस्ती करावी लागली. अडीच ग्रॅम दिसायला काहीच नाही. पण रोज, आणि दोनशे वर्षांच्या दगडावर.

भाच्याने जॅकेटच्या खिशातून दोन पेनी काढल्या. एक २०१५ ची, त्याच्या जन्माच्या वर्षाची. दुसरी १९८२ ची, डेन्व्हरची, ३.०९. बराच वेळ दोन्ही तळहातावर घेऊन उभा राहिला. मग परत खिशात टाकल्या.

परतीच्या गाडीत त्याने विचारलं, की बरणीतलं काय काय नेता येईल. याचं उत्तर मला पाठ होतं. तांबं महाग झाल्यावर लोक जुन्या पेनी वितळवायला लागतील म्हणून सरकारने डिसेंबर २००६ मध्ये त्यावर बंदी आणली. २००७ मध्ये नियम पक्के झाले, त्यात प्रवाशाने देशाबाहेर सोबत न्यायच्या पेनी आणि निकेलवर सर्वसाधारण मर्यादा आहे पाच डॉलरची. पाच डॉलर म्हणजे पाचशे पेनी. बरणीतल्या तांब्याच्या आम्ही मोजल्या होत्या, ४०७. उरलेल्या ९३ कोणत्या, यावर ट्रेंटनपर्यंत विचार चालू होता. २०१५ च्या सगळ्या, हे आधी ठरलं.

“आणि पुण्यात काय मोजायचं, मावशी?”

मी पर्स उघडली. नवा एक रुपया, २०१९ नंतरच्या मालिकेतला, काट्यावर ३.०९. तो ओरडलाच, तांब्याची पेनी! नाही रे राजा, स्टील आहे, जरा मोठं आहे, चुंबकाला चिकटेल. मग सांगितलं, की आपल्याकडे प्रकरण जास्त अवघड आहे. २०११ चे दोन रुपये २५ मिलिमीटरचे आणि ४.८५ ग्रॅमचे. त्याच्या आधीचा स्टीलचा एक रुपया २५ मिलिमीटरचा, ४.८५ ग्रॅमचा. दोन्ही स्टील. म्हणजे रुपयाच्या चकतीवर दोन रुपयांचा ठसा पडला, तर जगातला कुठलाही काटा पकडू शकणार नाही. बसमधले कंडक्टर तेव्हा का वैतागायचे ते आता कळलं असेल. पाच रुपये आधी तांबं-निकेलचे, ९ ग्रॅमचे, भारदस्त. ही नाणी चोरून बांगलादेशात जातात आणि तिथे दाढीची ब्लेडं होतात अशा बातम्या २००७ मध्ये आल्या होत्या. मग स्टीलचे आले ६ ग्रॅमचे, आणि २००९ पासून पितळी, तेही ६ ग्रॅमचेच. तिथे काटा फिरकत नाही, रंग बघायचा आणि चुंबक लावायचं. सालाखाली हिऱ्याची खूण असेल तर नाणं आपल्या मुंबईच्या टाकसाळीचं.

आणि तुम्हालाही सांगून ठेवते, कारण ऑफिसच्या ग्रुपवर हे फिरत असतंच. जुन्या पाच रुपयांचे दहा लाख देतो, आधी प्रोसेसिंग फी भरा, हा शुद्ध फ्रॉड आहे. आपलं नाव वापरून जुन्या नोटा-नाण्यांचे असे व्यवहार चालतात, पैसे मागितले जातात, असा इशारा खुद्द रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. हौस म्हणून नाणी जमवायची असतील तर काही शेकड्यांत मिळणारा काटा आणि एक छोटं चुंबक घ्या, आणि रविवारी बरणी उपडी करा. फी भरायची नाही.

भाचा ऐकत नव्हता. त्याने वहीचं नवं पान उघडलं होतं. वर रेघ मारून डावीकडे नाणं, मग साल, मग ग्रॅम, आणि एक जास्तीचा रकाना, चिकटतं की नाही.

“दोन रुपये आहेत का तुझ्याकडे?” त्याने विचारलं. होते. काटा त्याने गुडघ्यावर ठेवला, पण गाडी हलत होती आणि आकडा ठरत नव्हता, ४.८१, ४.९०, ४.८३. ट्रेंटनला गाडी थांबली तेव्हा त्याने पटकन नाणं परत ठेवलं.